चालायला लागलात आणि टाच धरली? मग हे बघा

नमस्कार मंडळी! आज चालण्याबद्दल बोलूया. चालण्याचे फायदे काही मी सांगत बसणार नाही, ते तुम्हाला फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाच्या फोटोसकट येतातच. मला बोलायचंय त्या लोकांशी, ज्यांचा शुगरचा रिपोर्ट आला, घाबरून त्यांनी दुसऱ्याच दिवशी पहाटे चालायला सुरुवात केली, आणि महिन्याभरात टाच नाहीतर नडगी धरून परत सोफ्यावर आले, आणि आता सगळ्यांना सांगतायत की "मला चालणं सूट होत नाही". सूट न होणारे खरंच असतात, पण फार कमी. बाकीच्यांची गडबड घाईमुळे झालेली असते.

म्हणजे होतं काय, की चालायला लागलं की दम पटकन सुधारतो. दोन-तीन आठवड्यांत जिना चढताना धाप कमी लागते, मग वाटतं अरे आपण फिट झालो की, आणि वीस मिनिटांचा एकदम एक तास करून टाकतो. पण टाचेखालचा पट्टा, घोट्यामागची जाड शीर, नडगीचं हाड, या मंडळींना तयार व्हायला महिने लागतात. त्यात हाडाची एक गंमत आहे. भार वाढला की हाड आधी जुना भाग काढून टाकतं आणि मग नवीन भरतं, म्हणजे मधले काही आठवडे ते उलट नाजूक असतं, आणि नेमके तेव्हाच आपण फुल जोशात असतो! म्हणून दम लागत नाही एवढ्यावर अंतर वाढवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय काय म्हणतायत ते बघा, आणि मग थोडं वाढवा, दर आठवड्याला पाच-सात मिनिटं भरपूर झाली.

आणि त्या दहा हजार पावलांचं टेन्शन घेऊ नका प्लीज. तो आकडा कुठल्या मोठ्या अभ्यासातून निघालेला नाही. 1965 साली जपानमध्ये यामासा नावाच्या कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, ते विकायला हा गोल आकडा वापरला आणि तो आजपर्यंत आपल्या घड्याळात येऊन बसलाय. 2022 मध्ये पंधरा अभ्यास एकत्र करून तपासलं तेव्हा दिसलं की साठीच्या पुढच्या लोकांना सहा ते आठ हजारांच्या आसपासच फायदा जवळपास पूर्ण मिळतो, त्याहून तरुण असाल तर आठ ते दहा हजार. रात्री अकरा वाजता बेडरूममध्ये येरझाऱ्या घालून आकडा पूर्ण करणारे काका, तुम्हाला सांगतेय मी. वेग किती हवा, तर बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा. असं आठवड्यातून दीडशे मिनिटं, हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे.

आता टाच. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ येते, चार पावलं चाललं की कमी होते, आणि बराच वेळ बसून उठलं की परत. हे ओळखीचं वाटलं ना? याला प्लान्टर फॅशिआयटिस म्हणतात, तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत जो पट्टा असतो तो टाचेपाशी दुखावतो. एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं की लोक घाबरतात, पण तसं वाढलेलं हाड काहीच न दुखणाऱ्या लोकांमध्येही सापडतं. याला करायचं काय, तर पलंगावरून उतरायच्या आधीच पायाची बोटं हातानं स्वतःकडे ओढून धरायची, दहा मोजायचे, असं दहा वेळा. दिवसात दोन-तीनदा भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची. पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून तळव्याखाली फिरवायची. आणि आपल्याकडे हे कुणी सांगत नाही, चपला दाराबाहेर काढून आपण दिवसभर फरशीवर अनवाणी असतो, ओट्यापाशी तासन्‌तास उभं राहणं तर विचारूच नका. चालायला आठ हजारांचे बूट आणि घरात अनवाणी, मग टाच बरी व्हायची कशी? घरात घालायला वेगळी मऊ चप्पल ठेवा. बरं व्हायला महिने जातात, धीर सोडू नका.

बुटांवर फार बोलत नाही. संध्याकाळी घ्या, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात, आणि पुढे अंगठाभर जागा ठेवा. (चप्पल कॅमेऱ्यासमोर धरते) ही अशी मागून पट्टा नसलेली घालून चालायला जाऊ नका. चप्पल सुटू नये म्हणून बोटं सारखी आवळली जातात आणि पुढचा सगळा पाय दुखतो.

बाकी मुरगळणं. त्याचं कारण नव्वद टक्के वेळा हातातला फोन आणि फुटपाथवरचा उचकटलेला पेव्हर ब्लॉक असतो (हे नव्वद टक्के माझे हं, संशोधन नाही!). रस्त्यावरूनच चालायची वेळ आली तर उजव्या कडेनं चाला, समोरून येणारी गाडी दिसली पाहिजे. आणि टेकडीवर जाणाऱ्यांनो, गुडघा बोलतो तो उतरताना. छोटी पावलं टाका, धावत उतरू नका.

काही दुखणी मात्र अंगावर काढू नका. नडगीवर किंवा पावलावर एका बोटानं दाखवता येईल अशी जागा दुखतेय आणि रात्री झोपेतही ठणकतेय, तर हाडाला बारीक तडा असू शकतो, आणि सुरुवातीच्या एक्स-रेत तो बरेचदा दिसत नाही. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागतेय, तर त्याच दिवशी डॉक्टर. चालताना छाती भरून येत असेल तर तिथेच थांबा आणि लगेच मदत बोलवा. शुगरवाल्यांनी रोज रात्री तळवे बघायचे, पाय बधिर असला तर फोड आलेला कळतच नाही.

आता दरवर्षी येणारा प्रश्न. माऊलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड एक दिवस चालायचंय, काय करू? तो टप्पा तीसेक किलोमीटरचा, वाटेत दिवे घाट, आणि वर पाऊस. आपले ऑफिसवाले लोक तयारी आदल्या आठवड्यात सुरू करतात! किमान तीन महिने आधी लागा. आठवड्यातून एक दिवस लांब चाला आणि ते अंतर हळूहळू अठरा-वीस किलोमीटरपर्यंत न्या. त्या दिवशी नवीन बूट अजिबात नको. पिशवीत मोज्यांचे दोन कोरडे जोड ठेवा, बोटांच्या मध्ये आणि मांड्यांना व्हॅसलिन लावा, कारण ओल्या मोज्यांत फोड यायला दोन तास पुरतात. आणि घाट चढायच्या आधी वाटतं की आता थांबायला नको, तेव्हाच दहा मिनिटं बसून मोजे बदला. पुढच्या व्हिडिओत पोटरीचे व्यायाम करून दाखवते, एक खुर्ची घेऊन बसा.