दीड फुटात कीर्तन

[दृश्य: सदाशिव पेठ, सकाळ. विजेच्या खांबाला बांधलेला उभा फलक.]

पुण्यातल्या कुठल्याही पेठेत शिरा, असा फलक दिसतोच. रुंदी जेमतेम दीड फूट, उंची माणसाएवढी. आणि एवढ्यात बसवायचं ‘कीर्तन महोत्सव’.

गेल्या वर्षी असा एक फलक मीच करायला टाकला होता. डीटीपीवाल्या पोरानं माउसनं शब्दाचा कोपरा धरला आणि आत ढकलला. “बसलं की, काका!” बसलं खरं, पण बघवेना.

[पडद्यावर: ‘कीर्तन’, मोठं करून.]

यातले उभे दंड मोजा. कचा एक, वेलांटीचा एक, तचा, नचा. शब्द आडवा निम्मा दाबला की चारही दंड निम्मे बारीक होतात. शिरोरेषेची जाडी मात्र तेवढीच राहते. वर दणकट आढं आणि खाली काटकुळे खांब!

जुन्या छापखान्यात एकेक अक्षर जुळवून मजकूर लावणाऱ्या जुळाऱ्याला ही सोयच नव्हती. शिशाचा खिळा, म्हणजे छपाईचं सुटं अक्षर, काही दाबून अरुंद होत नाही. मजकूर मावला नाही तर लहान खिळे घ्या, नाहीतर शब्द कापा.

[दृश्य: लाकडी खिळे, शाईचा रूळ.]

तिकडे अमेरिकेत यावर लाकडाचा उपाय निघाला. मोठ्या अक्षरांचे शिशाचे खिळे जड आणि महाग. १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सनं लाकूड कोरायचं यंत्र वापरात आणलं, १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थनं त्याला पँटोग्राफ, म्हणजे आकृती लहानमोठी करून गिरवणारं साधन, जोडला. एकाच नमुन्यावरून हव्या त्या मापाचे खिळे निघू लागले. सर्कस, नाटक, लिलाव... कागद अरुंद, बढाई लांबलचक. म्हणून अक्षरं उंच झाली. त्या पोस्टरांतला ‘ओ’ बघा. गोलाई फक्त वर-खाली उरली, बाजूंना सरळ भिंती.

आपल्याकडं एवढ्यावर भागत नाही. वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार. अक्षर उंच करत गेलं तर खालची ओळ वरच्या ओळीच्या उकारात डोकं घालते. आणि ‘ळ’चं काय करायचं? शेजारी-शेजारी दोन वेटोळी, मध्ये दंड नाही. ‘मंडळ’ लिहिल्याशिवाय तर पुण्यात फलक लागत नाही!

[दृश्य: आलेखाचा कागद, पेन्सिल.]

जाणता अक्षरकार ळची वेटोळी उभट करतो, पण आतली पोकळी बुजू देत नाही. दंड जाड ठेवतो आणि शिरोरेषा बारीक करतो, म्हणजे माउसनं जे होतं त्याच्या बरोबर उलट. काना अक्षराला जवळजवळ चिकटवतो. नाटकाच्या जाहिरातींत नाव हातानंच काढायचा काळ होता, तेव्हा हे जागेवरच जमवलं जाई.

यंदा मी ‘कीर्तन’ घरीच काढलं. चार रविवार गेले. पोरानं ते स्कॅन केलं, पडद्यावर घेतलं आणि सवयीनं माउस कोपऱ्याकडं नेला.

मी त्याचा हात धरला.