निवृत्त यादीतला अ‍ॅडमिरल

१९३५ साल. ब्रिटिश नौदलाच्या होम फ्लीट या ताफ्याचे चीफ ऑफ स्टाफ बर्ट्रम रॅम्झी यांनी पद सोडलं. त्यांचे वरिष्ठ, अ‍ॅडमिरल बॅकहाउस, सगळा कारभार स्वतःच्या हातात ठेवत. रॅम्झींना ते पटेना. तीन वर्षांनी नौदलानं त्यांचं नाव निवृत्तांच्या यादीत टाकलं. युद्ध तोंडावर आलं तेव्हा, ऑगस्ट १९३९ मध्ये, त्यांना परत बोलावून इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या डोव्हरची जबाबदारी दिली.

डोव्हर किल्ल्याखाली, पांढऱ्या खडूच्या कड्यात खोदलेल्या बोगद्यांत त्यांचं मुख्यालय होतं. मे १९४० मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्कला जर्मनांचा वेढा पडला आणि तिथं अडकलेल्या दोस्त सैनिकांना समुद्रमार्गे सोडवण्याच्या ‘ऑपरेशन डायनॅमो’ची सूत्रं इथूनच हलू लागली. अंदाज असा, की दोन दिवसांत फार तर ४५ हजार सैनिक परत आणता येतील.

पहिली अडचण वाटेचीच. सर्वांत जवळचा ३९ सागरी मैलांचा मार्ग फ्रेंच किनाऱ्यावरच्या कॅलेजवळच्या जर्मन तोफांच्या माऱ्यात आला. मग ८७ मैलांचा वळसा. शेवटी सुरुंग काढून ५५ मैलांची तिसरी वाट मोकळी केली.

डंकर्क म्हटलं की छोट्या होड्या आठवतात. त्या होडीवाल्यांचं धाडस मोठंच. पण दोन तृतीयांशांहून जास्त सैनिक निघाले ते बंदरातून, मुख्यतः पूर्वेकडच्या लाटा अडवणाऱ्या बांधावरून. वर अरुंद लाकडी वाट, जहाज लावायची सोय नाही. रॅम्झींनी तिकडे पाठवलेल्या कॅप्टन टेनंट यांनी तरीही एक जहाज लावून पाहिलं. जमलं! मग विनाशिकांची रीघ लागली. ४ जूनपर्यंत ३,३८,२२६ सैनिक सुटले.

पुढे इटलीच्या सिसिली बेटावरची चढाई, मग फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरची. ६ जून १९४४ च्या जवळपास सात हजार जहाजं-बोटींच्या सागरी मोहिमेचे प्रमुख तेच. निवृत्त यादीतून त्यांचं नाव निघालं ते मात्र त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये! डंकर्क आणि सिसिली कागदोपत्री एका निवृत्त माणसानं पार पाडल्या होत्या.

सप्टेंबरमध्ये बेल्जियमचं अँटवर्प बंदर दोस्तांच्या हाती आलं. समुद्रातून तिथं नेणाऱ्या शेल्ट नदीचे काठ जर्मनांकडे असेपर्यंत ते बंदर कुचकामी, हे रॅम्झींनी आधीच बजावलं होतं. ते वेळीच ऐकायला हवं होतं. पहिला ताफा पोचायला २८ नोव्हेंबर उजाडला आणि तोवर आघाडीवरची रसद दूरच्या बंदरांतून ट्रकांनी ओढावी लागली.

२ जानेवारी १९४५ रोजी रॅम्झी ब्रिटिश सेनापती माँटगोमेरींना भेटायला ब्रसेल्सकडे निघाले. पॅरिसजवळ उड्डाण घेताच त्यांचं विमान कोसळलं. कुणीच वाचलं नाही. रॅम्झी तेव्हा ६१ वर्षांचे होते.