हनुवटीखालचा रंग

[दृश्य: सिद्धेश्वर यात्रेची मिरवणूक. नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंद्या. मग काळ्या साड्यांतल्या बायका.]

संक्रांतीच्या दिवसांत सोलापुरात दोन रंग रस्त्यावर असतात. नंदीध्वजाभोवती शुभ्र बाराबंदी आणि वाण घेऊन निघालेल्या बायकांच्या अंगावर काळी साडी. ऊन सगळ्यांवर सारखंच पडतं. तरी पांढऱ्यात एकाचा चेहरा तुकतुकीत दिसतो आणि शेजारच्याचा राखट. यात गोरं-सावळं हा हिशेब उपयोगी नाही.

कुणाला कोणता रंग शोभतो, याचा खरा हिशेब तीन गोष्टींचा. त्वचा किती गडद आहे, तिच्यात झाक कोणती आहे, आणि केस, डोळे व त्वचा यांच्यात फरक किती आहे. झाक पिवळसर असते, गुलाबीसर असते, कधी हिरवट. मेलॅनिनचा तपकिरी, रक्तातला तांबडा आणि कॅरोटीनचा पिवळा मिळून ती ठरते. उन्हानं त्वचा काळवंडते, झाक मात्र फारशी हलत नाही.

[दृश्य: मागावरचे धागे, जवळून.]

पॅरिसच्या गोबेलँ या भिंतीवरचे चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात मिशेल युजेन शेव्रल रंगाईचे प्रमुख होते. तिथला काळा रंग उठत नाही, अशी तक्रार आली. त्यांनी तपासलं, तर काळ्यात खोट नव्हती, शेजारचे निळे-जांभळे धागे त्याला फिका दाखवत होते. १८३९ मध्ये त्यांनी हा अभ्यास प्रसिद्ध केला. शेजारचा रंग डोळ्याला आपल्या विरुद्ध छटेकडे ढकलतो. मागावर आयुष्य गेलेल्याला हे सांगायला नको. चेहऱ्याच्या बाबतीत आणखी एक भर पडते: कापडावरून उडालेला उजेड थेट हनुवटीखाली आणि जबड्यावर पडतो.

म्हणून कपाटातले ब्लाउजपीस काढा, झाक ओळखायच्या परीक्षेला तेवढे पुरतात. वेळ सकाळी दहा-अकराची, जागा खिडकीजवळची, पण थेट ऊन नको आणि शेजारी रंगीत भिंतही नको. चेहरा धुऊन वीस मिनिटं थांबा, कारण चोळल्यानं आलेली लाली झाक लपवते. केसांना मेंदी असेल तर त्यांवर पांढरा सोलापुरी टॉवेल गुंडाळा, नाहीतर केसांचा केशरीपणाच निकाल देईल. खांद्यांवरही पांढरंच घ्या.

आता दोन-दोन पीस जोडीनं, हनुवटीला भिडवून. चुनखडी पांढरा आणि मोतिया. राणी आणि केशरी. डाळिंबी आणि विटकरी. रामा आणि शेवाळी. जोडी महत्त्वाची, कारण एकच रंग बघत राहिलं की डोळा त्याला सरावतो. कापडाकडे बघू नका, चेहऱ्याकडे बघा. डोळ्यांखालचा काळेपणा वाढला का? वरच्या ओठावर सावली आली का? जबड्याची रेघ स्वच्छ दिसते का? रंग आधी दिसला आणि माणूस मागाहून, तर तो पीस बाजूला.

राणी, डाळिंबी, चिंतामणी, चुनखडी पांढरा यांत चेहरा खुलला तर झाक थंड, म्हणजे गुलाबीसर. मोतिया, विटकरी, हळदी, शेवाळी यांत खुलला तर उबदार, म्हणजे पिवळसर. दोन्हीकडचं थोडं थोडं जमलं तर मधली. तेही पुष्कळांचं असतं, त्यात बिघडलं काही नाही. केस काळेभोर आणि डोळे ठसठशीत असतील तर गडद, स्पष्ट रंग पेलतात. सगळंच मऊ तपकिरी असेल तर काळी चंद्रकळा चेहरा गिळते.

मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या, यावरून झाक ओळखायची युक्ती सावळ्या त्वचेवर बहुतेक फसते. फोनचा कॅमेराही भरवशाचा नाही. तो पांढऱ्याचा तोल आपल्या मनानं बदलतो.

[दृश्य: नवी पेठ. दुकानातल्या दिव्यांखाली उलगडलेल्या साड्या.]

दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली केशरी, हळदी उजळतात आणि निळे मरतात. साडी दारापर्यंत आणून बघायला लाजू नये. एखादी आवडली, पण रंग जमत नाही? मग ब्लाउज बदला. निऱ्या चेहऱ्यापासून लांब असतात, चेहऱ्याजवळ ब्लाउज आणि खांद्यावरचा पदर. इरकलीचा पदर बहुधा लालच असतो, तेव्हा लाल झेपत नसेल तर आपल्या छटेचा खणाचा ब्लाउज गळ्याशी हवाच.

[दृश्य: आरशासमोर जबड्यावर फाउंडेशनच्या तीन रेघा.]

फाउंडेशन हातावर लावून बघणं ही सगळ्यात महागडी सवय. गाडीवर तोंडाला स्कार्फ असतो आणि हात उन्हात, दोन्हींचा रंग एक कसा असेल? तीन छटा जबड्यावर, मानेपर्यंत ओढा आणि पंधरा मिनिटं थांबा. घाम आणि तेल मिसळून छटा गडद किंवा नारिंगी होते, आणि चाळीस अंशांपार गेलेल्या उन्हाळ्यात तर हमखास. गायब होते ती आपली. राखेसारखी पांढुरकी दिसली तर ती फिकी आहे किंवा तिला झाक चुकीची आहे. खालच्या सनस्क्रीनमधल्या टायटॅनियम डायऑक्साइडमुळेही असं होतं. तेव्हा रोजचं सनस्क्रीन लावूनच छटा निवडा.

लिपस्टिकला ओठांचा स्वतःचा रंग मिसळतो. ओठ जांभळट असतील तर फिकट पीच त्यावर खडूसारखा बसतो. तिथं विटकरी किंवा वांगी घ्या, आणि नॅचरल छटा हवी असेल तर ओठांहून एकच पायरी गडद.