दत्तू नावाचे पूर्वज

श्रोतेहो, नमस्कार.

वंशावळ काढायची म्हटलं की हल्ली पहिला हात मोबाइलकडे जातो. मोबाइलचंही सांगतो, पण आधी कपाटातला सातबारा काढा. खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात आकडे दिसतात ना, ते फेरफार क्रमांक, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याच्या नोंदींचे. त्यातला सगळ्यात जुना क्रमांक वहीत उतरवून घ्या आणि त्याची नक्कल मागा. गाव नमुना सहा. 'अमुक मयत, वारस अमुक' अशी नोंद हाती आली की तुम्ही एक पिढी मागे गेलात. तिथून आणखी जुना क्रमांक, पुन्हा नक्कल, पुन्हा एक पिढी.

गाडी अडते ती गट नंबरावर. शेतजमिनींच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तुम्ही आजचा गट नंबर लिहून 1920 सालचा कागद मागता आणि उत्तर येतं, 'आढळ होत नाही'. कागद असतो हो, नंबर चुकीचा असतो. म्हणून आधी एकत्रीकरण योजनेचा उतारा घ्या, जुना सर्व्हे नंबर शोधा आणि मग तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा.

दुसरा कागद गाव नमुना चौदा, म्हणजे आपलं कोतवाल बुक, जन्ममृत्यूचं. तिसरा शाळेचं जनरल रजिस्टर. कोतवाल बुकात जन्माला आलेल्या मुलाचं नाव बहुतेक वेळा नसतंच. बापाचं नाव आणि पुढे नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. आणि वय अंदाजाने घातलेलं असतं, चाळीस, पन्नास, साठ असं गोल. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

गावाचा पत्ताही जुन्या काळातला हवा. 1906 पर्यंत सगळा एकच खानदेश जिल्हा होता. मग पूर्व खानदेश जळगावला आणि पश्चिम खानदेश धुळ्याला. नंदुरबार जिल्हा झाला 1998 मध्ये, तेव्हा नंदुरबारकरांनी जुन्या कागदांसाठी धुळ्यालाही विचारायचं. आजचं मुक्ताईनगर जुन्या कागदात एदलाबाद आहे. एआयला हे आधी सांगितलं नाही, तर तो तुमचे पूर्वज खुशाल तेलंगणातल्या आदिलाबादला नेऊन बसवेल.

आता एआय. छापील देवनागरी तो चांगली वाचतो. हाताने लिहिलेली बाळबोध, म्हणजे साधी देवनागरीही बरी वाचतो. जुन्या कागदांतली मोडी लिपी मात्र त्याला अजून जड जाते, आणि जड जातेय हे तो सांगत नाही, ही खरी अडचण. मोडीत आधी सरळ रेघ ओढून अक्षरं तिला टांगलेली, दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. कुठे शब्द तोडायचा ते वाचणाऱ्याने ठरवायचं. माणूस अडतो, डोकं खाजवतो. एआय अडत नाही, शुद्ध मराठीत सफाईदार वाक्य लिहून देतो.

फोटो दिवसाच्या उजेडात काढा, फ्लॅश बंद. मोबाइल कागदाला समांतर धरा. पूर्ण पान एकदम देऊ नका, पाच-सहा ओळींचा एक तुकडा द्या, आणि पुढच्या तुकड्यात आधीची एक ओळ पुन्हा येऊ द्या. रकान्यांच्या मथळ्यांचा फोटो वेगळा. मग लिहा, 'जसं आहे तसं अक्षरश: उतरव, अर्थ लावू नकोस, दुरुस्ती करू नकोस, वाचता येत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाक.' तोच फोटो नव्या संभाषणात पुन्हा द्या. दोन वाचनांत जिथे फरक, तिथे लाल पेन्सिल.

आणि पहिल्या वाचनात घरातली नावं त्याला सांगू नका. पुन्हा सांगतो, पहिल्या वाचनात घरातली नावं सांगू नका. कारण सांगायला मला एक गोष्ट सांगावी लागेल.

तापीकाठचं एक घर. चोपडा-यावलकडचं, एवढंच सांगतो. लग्नकार्य निघालं होतं आणि वंशावळीची तीन फुटी फ्रेम हॉलमध्ये लावायची होती. (हल्ली लग्नपत्रिकेत निमंत्रकांची चाळीस नावं असतात आणि त्यातल्या निम्म्यांना नवरा-नवरीचं नाव माहीत नसतं, पण ते जाऊ द्या.) घरात मोडीतला एक फेरफार निघाला, 1926 चा. खातेदार मयत, खाली वारस म्हणून यांच्या पणजोबांचं नाव, वय 22. पणजोबांच्या नावानंतर कागदाची घडी आणि घडीवर शाई उडालेली. 'द' आणि 'त्त' स्वच्छ दिसत होते, पुढचं अक्षर अर्धं.

घरच्या शिकलेल्या पोराने एआयला फोटो दिला आणि मदत व्हावी म्हणून नावांची यादीही दिली. त्या यादीत एक दत्तू होते, लांबचे चुलते. एआयने यादी वाचली, घडीवरचं 'दत्त' बघितलं आणि लिहून दिलं, 'दत्तू'. प्रश्नचिन्ह नाही, काही नाही.

आपल्याकडे नावानंतर बापाचं नाव येतं. म्हणजे पणजोबांचे वडील दत्तू, आणि मयत खातेदार त्यांचे आजोबा. वंशावळीत एक अख्खी पिढी वाढली. फ्रेम झाली, दत्तूला सोनेरी चौकोन मिळाला. एवढ्यावर भागलं नाही. पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या घागरी भरल्या, त्यात एक घागर दत्तूच्या नावाची. वर डांगर, सांजोऱ्या, आंबे, सगळं रीतसर. आगारी, म्हणजे अग्नीत पितरांचा घास, टाकतानाही दत्तूचं नाव घेतलं.

गोम कळली ती कोतवाल बुकामुळे. मयत खातेदाराची मृत्यूनोंद सापडली, तीही 1926 ची, वय 41. आता माझ्याबरोबर हिशोब करा. मरताना 41, म्हणजे जन्म 1885. पणजोबा 22 वर्षांचे, म्हणजे जन्म 1904. मधे एकोणीस वर्षं. या एकोणीस वर्षांत दत्तूने जन्माला यायचं, मोठं व्हायचं, लग्न करायचं आणि मुलाचा बाप व्हायचं! कोतवालाचा अंदाज पाच वर्षांनी चुकला असं धरलं, तरी दत्तू बसत नाही. म्हणून म्हणतो, नुसतं नाव वाचू नका, वय मोजा. नाव वाचू नका, वय मोजा.

मग तो अर्धा शब्द भिंगाखाली गेला, मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त गुरुजींकडे. त्यांनी पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, हा दत्तू नाही, हा 'दत्तक' आहे.

दत्तक कुठून? घरातलं कोणीच सांगू शकेना. तेव्हा कोपऱ्यातून आजी बोलली, "आपला रोट तठे बी खातस ना!" म्हणजे, आपला रोट तिकडचेही खातात ना! कानबाई ही खानदेशची देवी, आणि तिच्या नैवेद्याचे रोट भाऊबंदाबाहेर जात नाहीत, हे खानदेशात पोराटोरालाही ठाऊक आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा सात-आठ कोसांवरच्या एका गावाहून एक घर दरवर्षी यांच्याकडे रोट खायला यायचं. सगळ्यांना वाटायचं, जुना घरोबा असेल. घरोब्याला कोणी रोट देतं का? (तसं हल्ली रोटाबरोबर गंगाफळाची भाजी सोडून पनीर करणारी घरंही मला माहीत आहेत. कानबाई सहन करते बिचारी.)

त्या गावचं कोतवाल बुक काढलं. 1904, त्या घरात जन्म, नाव नाही, नुसतं 'मुलगा'. एवढ्याने काही सिद्ध होत नाही. पण त्याच घरचा पुढचा वारस फेरफार मिळाला. बाप मयत, वारस म्हणून दोन मुलं, आणि खाली शेरा: तिसरा मुलगा दत्तक गेल्याने त्याचा हक्क नाही. तिथे दत्तक घेणाऱ्याचं नाव आणि गाव दोन्ही लिहिलेलं. कागद बाळबोधीत होता, एआयने एका दमात बरोबर वाचला. यंत्राला उगाच दोष देऊ नये.

म्हणजे बघा, एका शब्दासाठी चार कागद लागले आणि वर आजी लागली. तुमच्याकडेही असा अडलेला शब्द असेल, तर दुय्यम निबंधक कार्यालयातल्या जुन्या सूचीत दत्तकपत्राचा शोध घ्या. नोंदलेलं असलं तर काम सोपं होतं.

थोडं भरभर सांगतो. शके असेल तर 78 मिळवा, जानेवारी ते गुढीपाडव्यामधली तिथी असेल तर 79. व्यापाऱ्यांच्या वहीतला संवत असेल तर 57 वजा करा, जानेवारीपासून पुढची तिथी असेल तर 56. फसलीत, म्हणजे जुन्या महसुली सालात, 590 मिळवा, जानेवारीपासून पुढे 591. ही बेरीज-वजाबाकी एआय करतो, पण दोन-तीन ठिकाणी स्वत: करून बघा. 'वलद' आणि 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. हे अर्थ एआयला जरूर सांगा, त्याने काही बिघडत नाही, बिघडतं ते नावांच्या यादीने. सगळे कागद उतरून झाले की प्रत्येक माणसाचं जन्मसाल, मृत्यूसाल आणि कागदाचा क्रमांक यांचा तक्ता त्याच्याकडून करून घ्या, आणि विचारा, बाप आणि मुलाच्या वयात पंधरापेक्षा कमी अंतर कुठे आहे? हे काम तो माणसापेक्षा चांगलं करतो.

आधार कार्ड आणि आजचा सातबारा मात्र त्याच्यापुढे टाकू नका. आणि जुने कागद लॅमिनेट करू नका हो! उष्णतेने कागद बिघडतो, प्लॅस्टिक निघत नाही, घडीवरचं अर्धं अक्षर कायमचं अर्धं राहतं. सुती कापडात बांधा, पूर्वी दप्तर बांधायचे तसं. घरात मोठं दप्तर असेल तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जाऊन जुने कागद कसे जपलेत ते एकदा पाहून या.

आणि ती फ्रेम? ती अजून हॉलमध्येच आहे. पुन्हा करायचा खर्च कोणी केला नाही. दत्तूच्या चौकोनावर सध्या एका बियाणे दुकानाचं कॅलेंडर टांगलंय. घागर मात्र त्याच्या नावाची बंद झाली नाही. आजी म्हणाली, एकदा पाणी दिलंय, आता कसं तोडायचं? शेजारी एक घागर वाढली, पणजोबांच्या जन्मदात्या बापाची.

नमस्कार.