चांदीच्या ताटातली गुलामांची भाकर

(काळोख. मेणबत्ती पेटते. उजेडात चांदीची कड चमकते.)

पहिल्या नजरेला ही बाहुलीघरातली माडी वाटेल. तीन मजले, नाजूक खांब, माथ्यावर चांदीचे बोटभर पुतळे आणि त्यांच्या हातात इवल्याशा वाट्या. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नामध्ये अशी ताटं घडवली जात, ज्यू घरांतल्या पेसाहच्या जेवणासाठी, म्हणजे सेदरसाठी. पेसाह हा मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, गुलामीतून ज्यूंच्या पूर्वजांच्या सुटकेचा सण. मराठी बायबल या सणाला वल्हांडण म्हणतं.

आणि या माडीत ठेवायचं काय? मजल्यांवर तीन मात्सा. नुसतं पीठ आणि पाणी, खमीर नाही. मिसरातून पळताना कणीक फुगायलाही सवड नव्हती, ती ही भाकर. वरच्या वाट्यांत कडू पाला, भाजलेलं अंडं, भाजलेलं हाड. शेजारी मिठाचं पाणी, म्हणजे अश्रू. सफरचंद-अक्रोड कुटून केलेलं हरोसेत म्हणजे गुलामांनी कालवलेला गारा. त्यासाठी काही कारागिरांनी चक्क चांदीची एकचाकी हातगाडी घडवली, बांधकामावर असते तशीच! गुलामीची आठवण इतक्या लाडाने घडवलेली मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मग गरिबीची भाकर चांदीत का? सुमारे 1800 वर्षांपूर्वी सिद्ध झालेल्या मिश्ना या धर्मग्रंथात याचं उत्तर आहे. या रात्री सर्वांत गरीब माणसानेही रेलून बसल्याशिवाय जेवू नये, आणि त्याला वाइनचे चारपेक्षा कमी प्याले देऊ नयेत, मग ते धर्मादायातून द्यावे लागले तरी चालेल. रेलून जेवणं हा स्वतंत्र माणसाचा थाट. ज्याच्या घरी जे चांगलं असेल ते या रात्री मांडायचं.

(सोनाराची ऐरण. छिन्नीचा ठक्‌ठक्‌ आवाज.)

घडवणारे हात मात्र नेहमी ज्यू नसत. जर्मन शहरांत सोनारांच्या संघात ज्यूंना प्रवेश नव्हता, त्यामुळे आउग्सबुर्गचे कित्येक प्याले ख्रिस्ती सोनारांचे. येमेनमध्ये उलट होतं. तिथे चांदीकाम हा ज्यूंचाच धंदा, आणि 1949-50 साली विमानाने इस्राएलला आले तेव्हा तारेची बारीक जाळी विणण्याची कला ते सोबत घेऊन आले.

1939 मध्ये नाझी सरकारने ज्यूंना घरातलं सोनं-चांदी सरकारी गहाणखान्यात जमा करायला लावलं. लग्नाची अंगठी, जेवणाचे मोजके काटे-चमचे अशा थोड्याच वस्तू राहिल्या. सणाचे प्याले वितळले. काही संग्रहालयांत पोचले, आणि त्यांतले काही वारसांच्या हाती आज कुठे परत पडताहेत.

(पुणे. जुन्या छापील पुस्तकाचं पान.)

आपल्याकडे कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाने ही कथा मराठीत वाचली. सेदरला वाचायचा हगादा पुण्यात 1874 साली हिब्रू आणि मराठीत छापला गेला. त्यातल्या चित्रांत मात्सा करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या आहेत. आणि ज्या एलियाहू हनाबीची, म्हणजे एलिया संदेष्ट्याची, हे लोक मलिदा या आपल्या विधीत आठवण काढतात, त्याच्याच नावाचा प्याला सेदरच्या मेजावर असतो.

(मेजावरचा सर्वांत मोठा प्याला.)

बहुधा सर्वांत देखणा. काठोकाठ भरायचा, आणि कोणी प्यायचं नाही. चार प्यालेच प्यायचे की पाच, यावर पंडितांचं एकमत झालं नाही. एलियाहू येईल तेव्हा तोच सांगेल, असं लोक म्हणतात. त्याच्यासाठी घराचा दरवाजा उघडतात. बाहेरची गार हवा आत येते. मुलं प्याल्याकडे टक लावून बसतात: पातळी जराशी उतरली का?

मग दार लागतं, गाणी होतात. मागे उरते घासाघाशी. अंड्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते आणि मिठाच्या पाण्याने तिला खड्डे पडतात, म्हणून ती वाटी आधी धुवायची. काही घरांत एलियाहूचा प्याला मात्र रात्रभर तसाच, झाकून ठेवलेला.