गोठ्याच्या कोनाड्यातली कॅप

उन्हाळा लागला की कर्नाटकातील आपल्या बेळगाव जिल्ह्यात निपाणी, चिकोडी, हुक्केरीच्या शिवारांत विहिरींची कामे निघतात. माती आणि मुरूम संपून काळा पाषाण लागला की तो पहारीला दाद देत नाही. मग सुरुंग लावणाऱ्याला बोलावणे जाते. विहिरीला पाणी लागते, घरात आनंद होतो, आणि उरलेल्या दोन जिलेटिनच्या कांड्या व चार कॅप ‘पुढे कधी लागतील’ म्हणून गोठ्याच्या कोनाड्यात ठेवल्या जातात.

कॅप म्हणजे डिटोनेटर. ॲल्युमिनियमची किंवा तांब्याची ही नळी जेमतेम करंगळीएवढी असते. विजेवर उडणाऱ्या कॅपला दोन रंगीत वायरी असतात. त्या वायरींमुळेच मुलांना ती खेळणे वाटते. वायर ओढून पाहावी, नळी दगडाने ठेचावी, हे मुलांच्या हाताला सहज सुचते. आत भरलेले द्रव्य मात्र घर्षण, उष्णता किंवा धक्का यांपैकी कशानेही उडू शकते, आणि एवढ्याशा नळीने बोटे तुटतात, डोळे जातात. नुसती कांडी त्या मानाने स्थिर असते, हे खरे आहे. म्हणूनच कांड्या आणि कॅप एकत्र ठेवू नयेत, असा नियम आहे. आपल्या कोनाड्यात मात्र दोन्ही एकाच पिशवीत असतात.

स्फोटके बाळगण्यासाठी 1884 च्या स्फोटक अधिनियमानुसार परवाना लागतो. सुरुंगाची स्फोटके मान्यताप्राप्त कोठारातच ठेवावी लागतात. राहते घर हे कोठार नव्हे. 1908 चा स्फोटक पदार्थ अधिनियम याहून कडक आहे. संशयास्पद परिस्थितीत स्फोटक बाळगणाऱ्याला त्याच्या कलम 5 नुसार 10 वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, आणि आपला हेतू कायदेशीर होता हे त्यालाच दाखवून द्यावे लागते. ‘विहिरीतून उरले होते’ एवढे सांगून सुटका होईल, असे कोणीही गृहीत धरू नये.

पण या शिक्षेच्या भीतीने गुपचूप विल्हेवाट लावणे त्याहूनही घातक आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये याच कर्नाटकात, चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातील हिरेनागवल्ली येथे, खाणीसाठी बेकायदा साठवलेले जिलेटिन पोलिसांच्या धास्तीने हलवताना स्फोट झाला आणि सहा जणांचा जीव गेला. त्याच्या महिनाभर आधी शिवमोग्ग्याजवळ हुणसोडू येथेही असाच स्फोट झाला होता.

खानापूरच्या जंगलालगत आणखी एक धोका आहे, तो म्हणजे रानडुकरांसाठी ठेवलेल्या गावठी बॉम्बचा. खाद्य समजून चावणाऱ्या गाईचा किंवा कुत्र्याचा जबडाच फाटतो. बांधावर पडलेला असा गोळा गवत कापणाऱ्या बाईच्या हाताखालीही येऊ शकतो. पिकाचे नुकसान सोसवत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही हा उपाय समर्थनीय नाही.

अशी वस्तू दिसली तर तिला हात लावू नये, ती पुरू नये, जाळू नये, विहिरीत टाकू नये आणि मोटारसायकलवरून ठाण्यात नेऊ नये. माणसे आणि जनावरे दूर नेऊन 112 क्रमांकावर फोन करावा. जवळ कन्नड बोलणारा शेजारी असल्यास फोन त्याच्या हाती द्यावा, म्हणजे पत्ता चुकणार नाही. पथक येईपर्यंत परड्याच्या वाटेवर, गोठ्यापासून लांब, एक जाणता माणूस उभा करावा आणि शाळेतून परतणारी मुले तिथेच थांबवावीत.