विजापूरची जामा मशीद आणि तिची सोनेरी मेहराब

[दृश्य: गोल घुमटाच्या पायऱ्यांवरची गर्दी. कॅमेरा तिथून वळून जुन्या शहराच्या रस्त्याला लागतो.]

विजापूरला आलेला माणूस गोल घुमट बघतो, वरच्या सज्जात जाऊन टाळ्या वाजवतो, आपलाच आवाज ऐकून खूश होतो आणि सोलापूरची गाडी पकडतो. वेळ उरलाच तर मुलुख-मैदान तोफ. जामा मशीद मात्र बहुतेकांची राहूनच जाते. गोल घुमटाचा तो अवाढव्य भार ज्या युक्तीवर उभा आहे, ती युक्ती त्याच्या कितीतरी वर्षं आधी या मशिदीत वापरून झाली होती.

मशीद बांधायला घेतली पहिल्या अली आदिलशहाने. १५६५ साली तालिकोटच्या लढाईत दख्खनच्या सुलतानांनी मिळून विजयनगरचा पाडाव केला आणि अफाट लूट हाती आली. विजापूरचं रूपच त्या पैशाने पालटलं. मशिदीचं काम १५७६च्या सुमारास सुरू झालं. चारच वर्षांनी, १५८० मध्ये, अलीचा खून झाला. पुढच्या सुलतानांनी यात भर घातली, पण पूर्वेच्या दोन कोपऱ्यांवरचे मिनार काही उभे राहिले नाहीत. त्यामुळे धर्माच्या दृष्टीने मशिदीत काही उणं आलं, असं नाही. मिनार ही नंतरच्या काळातली भर. मदिनेत पैगंबरांच्या हयातीत त्यांचे सोबती बिलाल अजान द्यायचे, ते शेजारच्या घराच्या छतावर चढून.

[दृश्य: अंगण, हौद, समोर नऊ कमानींची दर्शनी बाजू. मधली कमान नक्षीदार, बाकीच्या साध्या.]

अंगणातला हौद वजूसाठी. हात, तोंड, पाय धुतल्याशिवाय नमाजाला उभं राहायचं नाही, म्हणून मशिदीच्या वाटेवर पाणी आधी भेटतं.

आता आत चला आणि वर बघा.

चार खांबांमधल्या चौकोनी जागेला चौक म्हणू. नमाजाचं दालन नऊ चौक रुंद आणि पाच चौक खोल आहे, म्हणजे एकूण पंचेचाळीस. त्यातले मधले नऊ चौक मोठ्या घुमटाने घेतले आणि छत्तीस उरले. त्या नऊ चौकांच्या मधे खरं तर चार खांब यायला हवे होते. ते चारही वगळले आहेत. मग एवढा घुमट उभा कशावर? चौकोनी जागेच्या वर कमानींचे दोन चौकोन एकमेकांत तिरपे गुंफलेले आहेत. खाली उभं राहून पाहिलं की आठ टोकांचा तारा दिसतो. ताऱ्याच्या आतल्या कडेवर घुमट बसवलेला आहे. घुमट खाली दाबतो तसा बाहेरही रेटतो. गुंतलेल्या कमानींचं दगडी वजन आतल्या अंगाला झुकलेलं असतं, ते हा रेटा तोलून धरतं. मुहम्मद आदिलशहाच्या कबरीवर, म्हणजे गोल घुमटात, हेच गणित फार मोठ्या मापात मांडलं गेलं. आकाराचं कौतुक तिथे करा. पण डोकं चालवलं ते इथे, असं माझं मत.

चार खांब गेल्याने काय साधलं? सामुदायिक नमाजात रांगेला, सफेला, फार महत्त्व आहे. खांद्याला खांदा लावून, मधे फट न ठेवता उभं राहायचं. खांबांमुळे तुटणाऱ्या रांगा शक्यतो टाळाव्यात, असं परंपरा सांगते. मेहराबीच्या समोरची, इमामाच्या पाठीमागची जागा इथे मोकळी मिळते.

[दृश्य: कॅमेरा पश्चिमेच्या भिंतीकडे. मेहराब हळूहळू जवळ येते.]

ही मेहराब. भिंतीत खोल गेलेला कमानदार कोनाडा. आत मूर्ती नाही, समाधी नाही, काहीच नाही. मेहराबीची पूजा होत नाही. ती फक्त दिशा सांगते. मुसलमान सुरुवातीला जेरुसलेमकडे तोंड करून नमाज पढत. हिजरतीनंतर, म्हणजे पैगंबर मक्केहून मदिनेला गेले त्यानंतर, दुसऱ्या वर्षी, इसवी सन ६२४ मध्ये, मक्केतल्या काबाकडे वळण्याची आज्ञा झाली. या दिशेला किब्ला म्हणतात. भारतातून ती पश्चिमेला येते, म्हणून आपल्याकडच्या मशिदींची मेहराब पश्चिम भिंतीत. पण असा खोल कोनाडा पैगंबरांच्या मशिदीत त्यांच्या काळी नव्हता. तो आठव्या शतकाच्या सुरुवातीला, उमय्या खलिफा वलीदच्या कारकिर्दीत आला.

मेहराबीशेजारी मिंबर, म्हणजे पायऱ्यांचं व्यासपीठ असतं. त्याच्या पायरीवर उभं राहून शुक्रवारी खुतबा, म्हणजे प्रवचन, पढतात. खुतब्यात कोणाचं नाव घ्यायचं, यावरून राज्य कोणाचं ते ठरायचं. आदिलशाहीत तर पंथही त्यावरून कळायचा. घराण्याचा संस्थापक युसुफने शिया खुतबा सुरू केला, पहिल्या इब्राहिमने तो बदलून सुन्नी केला, आणि मशीद बांधणाऱ्या अलीने पुन्हा शिया.

[दृश्य: मेहराबीवरचं सोनेरी काम, अगदी जवळून.]

बाकी दालन पांढरं, निराभरण आहे. खांब, कमानी, गिलावा, बस. सगळी हौस या एका भिंतीवर भागवली आहे. सोन्याचा मुलामा, त्यात निळा, लाल, हिरवा. रंगवलेल्या खोट्या कोनाड्यांत फुलदाण्या आहेत, पुस्तकं रचून ठेवली आहेत. माणूस किंवा प्राणी एकही नाही. आणि मधेमधे सोनेरी अक्षरं.

वाचायला घ्यावं तर चक्रावून जायला होतं. आयुष्यावर भरवसा ठेवू नका, ते थोडकं आहे. या नश्वर जगात विसावा नाही. जग डोळ्यांना सुखवतं. जीवन ही सगळ्यांत मोठी देणगी खरी, पण टिकणारी नाही. एवढं सोनं ओतायचं आणि त्याच सोन्याने लिहायचं की यात काही राम नाही! पढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अशी झळाळी असावी का, हा प्रश्न इस्लामी धर्मशास्त्रात जुना आहे. नमाजात लक्ष विचलित करणारी सजावट अनेक शास्त्रींना नापसंत होती. इथल्या कारागिराने सजावट सोडली नाही, तिच्याच तोंडी वैराग्य घातलं.

तिथेच मलिक याकूबचं नाव आहे: मशिदीचा सेवक आणि सुलतान मुहम्मदाचा गुलाम. हिजरी साल १०४५, म्हणजे १६३५-३६. मराठी माणसाला हे साल ओळखीचं वाटेल. निजामशाही बुडाली आणि शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत आले, ते १६३६ मध्येच.

[दृश्य: जमिनीवरच्या काळ्या रेषा. कॅमेरा एका चौकटीवरून पुढे सरकत जातो.]

१६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतलं. पूर्वेचा मोठा दरवाजा त्याच्या काळातला. दालनाच्या जमिनीवर काळ्या रेषांनी मुसल्ल्याच्या, म्हणजे एकाच्या नमाजाच्या चटईच्या, मापाच्या चौकटी आखल्या आहेत, सुमारे सव्वादोन हजार. गावात सांगतात की बादशहाने इथले मखमली गालिचे उचलून नेले आणि बदल्यात या रेषा दिल्या. गोष्ट खरी असो वा नसो, चौकटींचा उपयोग उघड आहे: सफ आपोआप सरळ लागते.

मशीद आजही चालू आहे. शुक्रवारी दुपारी जुम्म्याची नमाज असते, त्या वेळी पाहुण्यांनी गर्दी करू नये. जायचं तर सकाळी जा. दालन पूर्वेला उघडं आहे, त्यामुळे उजेड थेट आत येतो आणि रंग नीट दिसतात. गोल घुमट दुपारी बघितला तरी चालतो.